आमच्या खोलीचा डोळा झाला त्याची गोष्ट

घोंगड्याला भोक मी मुद्दाम पाडलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत सध्या जो तो या प्रकरणाची आपापली हकिकत सांगत सुटलाय आणि प्रत्येक हकिकतीत कात्री माझ्याच हातात आहे. कात्री माझ्या हातात होती, हे खरं. पण त्यामागं विज्ञान होतं, आणि ते कुणी सांगत नाही!

विज्ञान आमच्या घरात आलं ते अपेक्षामुळं. ही माझी मुलगी, दहावीला आहे. आणि विज्ञानाची गरज पडली ती माझ्या आईमुळं. आई म्हणजे बनाबाई. करमाळ्याकडच्या आमच्या गावात सारा जन्म मेंढरांमागं हिंडली. माझे वडील सिदू गेल्यावर मेंढरं विकली, तरी एक शेरडी, म्हणजे बकरी, तिनं ठेवलीच. काळी, पाठीवर मोठा पांढरा पट्टा, म्हणून नाव बांडी. डोळे दाखवायला आईला सोलापूरला आणलं तेव्हा बांडीसुद्धा त्याच जीपमधून आली. तिला कुणाच्या भरवशावर सोडायला आई तयार नव्हती. आमच्या दाराशेजारी खुंटा ठोकून बांडीला बांधलं, आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या शिळ्या भाकरीची सोय झाली.

डॉक्टरांनी आईचे डोळे तपासले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "दोन्हीकडं मोतीबिंदू आहे. उजवा तर पार पिकलाय. सोमवारी घेऊन या, करून टाकू. आणखी लांबवलं तर पुढं आमच्याही हातात फार राहणार नाही."

आई म्हणाली, "मला समदं दिसतंय." आणि रविवारच्या गाडीनं गावी जायचं म्हणून तिनं पिशवी भरून ठेवली.

तिला समदं कसं दिसतंय, याचा एक नमुना सांगतो. खुंटीवर माझा शर्ट टांगला होता. त्या शर्टाला आईनं दुपारी "जेवून घे, जेवून घे" म्हणून बराच वेळ सुनावलं. मी कामावरून आल्यावर हे तिच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाली, "मग काय झालं? तू तरी कुटं उत्तर देतूस?"

बाकी माणसं ती चालण्यावरून, खोकण्यावरून, चपलेच्या आवाजावरून ओळखायची, आणि इतकी झटकन ओळखायची की समोरच्याला शंका येऊ नये. ऑपरेशनचं नाव काढलं की तिचा एकच मुद्दा असायचा. "डोळ्यात काच बशिवत्यात म्हनं. आरं, काच डोळ्यात गेली तर मानूस आंधळा हुतो. बशिवल्यावर दिसंल कसं?"

काचेचं मला काय कळणार? मी पतसंस्थेत काम करतो. बायकोनं, सुकन्यानं, समजावून पाहिलं, शेजारच्या संगप्पाण्णांनी दुधनीच्या कुणा पाहुण्याचं उदाहरण दिलं, पण आई जागची हलेना. शेवटी अपेक्षा पुस्तकातून मान वर काढून म्हणाली, "पप्पा, आजीला आपण डोळ्याच्या आतच नेऊन बसवू या!"

मला वाटलं, अभ्यासाचा ताण आला. पण ती उठली आणि हातवारे करून सांगू लागली. पुढची खोली पूर्ण काळोखी करायची. गल्लीकडच्या खिडकीला फक्त एक गोल भोक ठेवायचं. ती झाली डोळ्याची बाहुली. भोकापाशी बहिर्वक्र भिंग लावायचं, ते डोळ्यातलं भिंग. आत पांढरा पडदा, तो दृष्टिपटल. समोरची गल्ली त्या पडद्यावर दिसेल. मग भिंगापुढं धुरकट प्लास्टिक धरायचं, तो मोतीबिंदू. प्लास्टिक काढलं की पुन्हा लख्ख! आजीला आपोआप पटेल.

मी तर ऐकतच राहिलो. अहो, काय डोकं पोरीचं! सुकन्या तेवढी भाजी निवडता निवडता म्हणाली, "पण जिला दिसत नाही, तिला दाखवून पटवणार कसं?"

विज्ञानात असे प्रश्न सुरुवातीला विचारायचे नसतात. मी तिकडं दुर्लक्ष केलं आणि स्टूल शोधायला गेलो.

शनिवारी मला सुट्टी होती. सकाळीच पहिली अडचण भिंगाची आली. अपेक्षानं शाळेतून आणलेलं भिंग वीतभरावरच चित्र पाडत होतं, बघणाऱ्याचं डोकं मधे आलं की संपलं. लांब पडदा हवा तर नाभीय अंतर, म्हणजे भिंग जितक्या लांब चित्र पाडतं ते, जास्त हवं. तिनं माझ्या तोंडाकडं रोखून पाहिलं. "पप्पा, तुमच्या वाचायच्या चष्म्याचा नंबर किती?"

"एक. का?"

"प्लस एक! म्हणजे नाभीय अंतर बरोब्बर एक मीटर!"

माझ्या नंबराचा कुणाला इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्या भरात मी चष्मा काढून दिला. एक काच निघाली आणि बारका स्क्रू कायमचा हरवला. त्या दिवसापासून मी पतसंस्थेत एका डोळ्यानं सह्या तपासतो.

दुसरी अडचण काळोखाची. सोलापुरात काळोख करणं सोपं नाही. इथलं ऊन विचारून आत येत नाही. पण आम्ही चादरींच्या गावचे! मी घरातली जाडजूड चादर काढून खिडकीला ठोकली, दार लावलं, आणि पाहतो तर खोलीत संध्याकाळसारखा उजेड. विणीच्या प्रत्येक छिद्रातून ऊन आत येत होतं.

"चादरीतून उजेड येतोय," असं मी जरा मोठ्यानं बोललो. समोरच्या येमुल मावशींनी ते ऐकलं. त्यांच्या घरात तीन पिढ्या माग चालतोय. त्या तरातरा आत आल्या. "आमच्या चादरीतून उजेड येतो? ही आमची नाहीच! कुठून आणली ही? थांबा तुम्ही!" आणि त्या घरून आपली चादर घेऊन आल्या. तीही लावली. मग संगप्पाण्णांच्या घरून एक आली. मग पलीकडून एक, जिच्यावर मोर होता आणि मोर सरळच राहिला पाहिजे अशी अट होती. ज्याची चादर वर, त्याला मान, ज्याची खाली दबली, त्याचं तोंड वाकडं. चादरींच्या वजनानं शेवटी खिडकीवरचा पडद्याचा दांडा उखडला आणि सगळी चादरसृष्टी माझ्या डोक्यावर कोसळली. त्यांच्याखालून मी एवढंच म्हणालो, "अपेक्षा, काळोख झाला बघ." कुणी हसलं नाही. येमुल मावशी मोराची घडी घालत होत्या.

एव्हाना गल्लीत चर्चा सुरू झाली होती. मल्हाररावांनी, म्हणजे मी, खिडकी का बुजवली? कुणी म्हणालं, आजीला दृष्ट लागलीय, उतरवताहेत. कुणी म्हणालं, भाडेकरू ठेवायचाय. आणि कुण्या सज्जनानं थेट एका कार्यालयात फोन करून कळवलं की इथं विनापरवाना बांधकाम चालू आहे. कुठल्या कार्यालयात ते मी सांगणार नाही. मला याच गल्लीत राहायचं आहे.

मला मात्र एक झकास गोष्ट सुचली होती. घोंगडं!

वडिलांचं घोंगडं देव्हाऱ्याशेजारी घडी घालून ठेवलेलं असतं. आमच्याच मेंढरांच्या काळ्या लोकरीचं, इतकं घट्ट की त्यात पाणी शिरत नाही, तर उजेड काय शिरणार! पण त्याचा एक नेम आहे. आमच्यात घोंगड्याला कात्री लावत नाहीत. फाटलं तर लोकरीच्या दोऱ्यानं सांधायचं, फारच जीर्ण झालं तर बिरोबाच्या देवळात नेऊन ठेवायचं. लोकर मेंढराच्या अंगावरून एकदा कातरली, तिला पुन्हा कातरायचं नाही, असं वडील सांगायचे. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "घे. पर जपून. तुज्या बापाच्या अंगावरचं हाय."

घोंगडं बांधायला दोरी हवी होती. घरात दोरी सापडेना. दारात बांडीचं दावं होतं. मी ते सोडलं. बांडी शहाणी आहे, कुठं जातेय, असा मी विचार केला. हा विचार लक्षात ठेवा.

लोखंडी गजांना अपेक्षानं पुठ्ठा बांधला, त्याच्या गोल भोकात माझ्या चष्म्याची काच बसवली, आणि भोवतीच्या फटींवर जुने कागद चिकटवले. त्यावरून मी आतल्या बाजूनं घोंगडं ताणून बांधलं. दार लावलं. आणि काय सांगू, काळोख! स्वतःचा हात दिसेना! मी आनंदानं ओरडलो. अपेक्षा काळोखातून म्हणाली, "पप्पा, भिंगपण झाकलंत."

घोंगडं डावीकडं सरकवलं की उजवीकडून ऊन, उजवीकडं सरकवलं की डावीकडून. संगप्पाण्णा मोबाइलचा उजेड पाडत सूचना देत होते. "वर घ्या री. अय्यो, खाली. मधला कागद आडवा येतोय बघा, तो कापा!" मलाही वाटलं, कागदाचं टोकच भिंगावर आलंय. मी घोंगड्याची कड उचलून खाली हात घातला, कात्री लावली, आणि तेवढ्यात संगप्पाण्णांना शिंक आली, मोबाइल हलला आणि कात्री चालली. कापताना कागद इतका जाड कसा, एवढीच शंका आली. मग पायावर काहीतरी मऊ पडलं. उचलून चाचपलं. लोकर होती. चिमटीत कागदाऐवजी घोंगड्याची घडी आली होती. पुरीएवढा गोल तुकडा.

वडिलांचं घोंगडं! पण ओरडायलाही वेळ मिळाला नाही, कारण त्याच क्षणी समोर चित्र आलं!

अहो, चित्र म्हणजे काय! पडदा म्हणून संगप्पाण्णांचं लग्नातलं पांढरं धोतर टांगलं होतं. त्या धोतरावर आख्खी गल्ली उतरली, रंगासकट! येमुल मावशींची हिरवी भिंत, वाळत घातलेले टॉवेल, टॉवेल हलतसुद्धा होते. फक्त सगळं उलटं. आभाळ खाली, रस्ता वर. भाजीची गाडी डोक्यावर चालत गेली आणि एकही टोमॅटो पडला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. अपेक्षानं धोतर थोडं मागं सरकवलं तशी चित्राची धार आणखी लख्ख झाली. "समोरची भिंत जवळ आहे ना, म्हणून एक मीटरच्या जरा पुढं येतं," ती म्हणाली. मी लोकरीचा तुकडा गुपचूप विजारीच्या खिशात टाकला आणि "अगदी बरोबर" म्हणालो.

संगप्पाण्णांना स्वतःला उलटं बघायची हौस आली. ते बाहेर जाऊन भिंतीपुढं उभे राहिले, हात हलवला, आम्ही आतून "दिसला, दिसला!" म्हणालो, की ते धावत आत येत. आत आले की पडद्यावर नुसती भिंत. "मी कुठाय?" "तुम्ही आत आलात ना आण्णा." मग पुन्हा बाहेर. असं ते बराच वेळ करत होते आणि प्रत्येक वेळी भिंगात खोट आहे असं म्हणत होते. अपेक्षानं त्यांना प्रकाश सरळ रेषेत कसा जातो ते समजावलं. त्यांना ते पटलं, पण आवडलं नाही.

बातमी पसरली आणि खोली भरली. आईला मधोमध स्टुलावर बसवलं. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि ते कार्यालयातले साहेब आले. "बांधकाम कुठाय? खिडकी कुणाच्या परवानगीनं..." एवढंच ते म्हणाले, तोच आतून सगळे ओरडले, "दार लावा, उजेड येतोय!" त्या आवाजात असा काही अधिकार होता की साहेबांनी दार लावलं आणि मिळेल तिथं मांडी घातली. पडदा बघितल्यावर ते परवानगीचं बोलायचे थांबले. "आयला!" एवढंच म्हणाले.

अपेक्षानं समजवायला सुरुवात केली. माझी छाती नुसती फुगली होती. "आजी, हे भोक म्हणजे तुझ्या डोळ्याची बाहुली. ही पप्पांच्या चष्म्याची काच म्हणजे तुझ्या डोळ्यातलं भिंग. आता बघ." तिनं दुधाच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा काचेपुढं धरला. गल्ली विरघळून नुसतं पांढुरकं उरलं. लोक हळहळले. "हा मोतीबिंदू. डॉक्टर एवढंच काढतात आणि जागेवर नवं भिंग बसवतात. काच डोळ्यात जात नाही गं, काचेतूनच तर दिसतं." पिशवी काढली. गल्ली पुन्हा लख्ख झाली. साहेबांनी टाळी वाजवली.

आई पडद्याकडं तोंड करून बसली होती. "झाक हाय," ती म्हणाली. "लई झाक. पर मला दिसतंय की समदं. पोरी, उगं तरास घेतलास."

मी खचलोच. चष्मा गेला, दांडा गेला, वडिलांचं घोंगडं गेलं, आणि उद्या रविवारची गाडी. सुकन्यानं काळोखातून माझ्याकडं पाहिलं असणार. तिचा प्रश्न मला तेव्हा आठवला.

आणि पडद्यावर एक बकरी आली.

वरच्या बाजूनं, पाय वर, पाठ खाली, अशी डुलत डुलत आली. काळी, पाठीवर मोठा पांढरा पट्टा. दावं नसलेली! ती भिंतीशी लावलेल्या मोटारसायकलपाशी गेली, हँडलला अडकवलेल्या पिशवीत तोंड घातलं आणि कागदांचा गठ्ठा बाहेर ओढून शांतपणे चघळायला लागली. खोलीत हशा फुटला. साहेब तर मांडीवर थापा मारून हसत होते. "बकरी खातीय बघा, खातीय! कुणाचे तरी कागद..." मग ते थांबले. "अहो! ती माझी गाडी!"

ते धडपडत उठले, कुणाच्या तरी हातावर पाय दिला, कडीपर्यंत पोचले. आई त्या गोंधळात सगळ्यांबरोबर हसत होती. हसता हसता म्हणाली, "कुनाची रं ही शेरडी? अशी मोकाट सोडत्यात व्हय? धन्याला काय काळजी हाय का न्हाय?"

हशा बंद झाला. साहेबसुद्धा कडीवर हात ठेवून उभे राहिले. काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं, पण काहीतरी झालंय हे कळलं. आईनं मान इकडंतिकडं वळवली.

"आत्या," सुकन्या सासूला हळूच म्हणाली, "बांडी हाय ती. आपली."

आई पडद्याकडं आणखी वाकली. शेकडो मेंढरांतून आपलं कोकरू तोंडावरून उचलून आणणारी ही बाई. मला ते सहन होईना. मी म्हणालो, "अगं आये, उलटी दिसतीय ना, म्हणून. उलटी कुणाला ओळखू येणार?"

"उलटी?" आई म्हणाली. "आरं, कातरायला मेंढरू उलटंच पाडत्यात. जलमभर चारी पाय वर धरून वळखल्यात मी. मला उलटीचं सांगू नगंस."

मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि परत पडद्याकडं पाहिलं. पुसून काही फरक पडला नाही, हे तिलाही कळलं असावं. तिनं विचारलं, "कवा ये म्हनलाय डागदर?"

"सोमवारी."

"मग उद्याची गाडी नगं." आणि जरा थांबून, "त्यो पांढरा पट्टा तरी दिसाय पायजे हुता रं मला."

अपेक्षानं पळत जाऊन आजीला मिठी मारली. येमुल मावशी नाक ओढत होत्या. साहेबांनी दार उघडलं, ऊन भसकन आत आलं, चित्र मावळलं आणि आम्ही सगळे डोळे मिचकावत बसलो. बाहेरून साहेब हातात कागदाचा एक कोपरा घेऊन आले. माझ्या नावाच्या नोटिशीतला तेवढाच उरला होता. आईकडं पाहून म्हणाले, "जाऊ द्या. पाहणी केली, बांधकाम आढळलं नाही." आणि जाताना अपेक्षाला विचारून गेले की चष्मा मायनस नंबरचा असेल तर चालतो का. चालत नाही म्हटल्यावर खट्टू झाले.

ऑपरेशन उत्तम झालं! पट्टी काढल्यावर आईनं आधी सुकन्याला पाहिलं आणि "किती वाळलीस गं" म्हणाली. मला पाहिलं आणि "क्येस कुटं गेलं तुजं?" म्हणून घाबरली. घरी आल्यावर बांडीचं तोंड दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ नुसती बघत बसली. येमुल मावशींनी नवी चादर दाखवायला आणली, तर आई तिच्यातल्या विणीची चूक दाखवून मोकळी झाली. मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

मी खूश होतो. घोंगडं मी भोक आत जाईल अशी घडी घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं, आणि त्यावर पोथी. सगळ्या गल्लीला माहीत होतं, पण गल्लीनं पहिल्यांदाच तोंड मिटून धरलं होतं.

मग एका सकाळी मी दाढी करत असताना आई ऊन द्यायला म्हणून घोंगडं दारात घेऊन गेली. झटकलं. उन्हापुढं दोन्ही हातांनी पसरून धरलं. तिच्या छातीवर उन्हाचा एक गोल पडला. तिनं तो गोल बघितला, मग घोंगडं बघितलं, मग घोंगडं वर उचलून नवा डोळा त्या भोकाला लावला आणि त्यातून थेट माझ्याकडं पाहिलं. माझ्या अर्ध्या तोंडाला फेस होता आणि हात आपोआप खिशातल्या लोकरीच्या तुकड्याकडं गेला होता.

"मल्हाऱ्या," आई म्हणाली, "मला समदं दिसतंय."